वॅट शेवटी : कार्यक्षम स्पीकरला साजेसा ॲम्प्लिफायर

पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असो की रहिमतपूरच्या आसपासच्या एखाद्या वाडीची जत्रा, खांबावर उंच बांधलेला कर्णा सातारा-सांगली भागातल्या प्रत्येकाने ऐकलेला आहे. गावोगाव वीज पोचली नव्हती तेव्हा हे कर्णे बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालत. ॲम्प्लिफायर तीस-चाळीस वॅटचा, कर्णे दोन नाहीतर चार, आणि तेवढ्यावर कीर्तनातला शब्द न शब्द मैदानाच्या कडेला सोडलेल्या बैलगाड्यांपर्यंत पोचायचा. आज त्याच गावातल्या घरात शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर आणि छोट्या स्पीकरची जोडी असते. बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीत ती जरा मोठ्याने लावली की तबल्याची थाप दबते आणि गाणे अंग चोरून बसल्यासारखे वाटते. याचे कारण ॲम्प्लिफायरच्या ताकदीत शोधून सापडत नाही. मिळालेल्या विजेतली किती वीज स्पीकर ध्वनीत उतरवतो, यावर सगळे अवलंबून आहे.

जास्त कार्यक्षमतेचे स्पीकर आता पुन्हा घरात येऊ लागले आहेत. कोणी हॉर्नचे स्पीकर विकत घेतो, कोणी बंद पडलेल्या चित्रपटगृहातले जुने स्पीकर उचलतो, कोणी मिरवणुकीच्या ‘डॉल्बी’त वापरतात तसले पंधरा इंची स्पीकर घेऊन सुताराकडून पेट्या करून घेतो. त्यांना ॲम्प्लिफायर कोणता जोडावा हे ठरवताना मात्र बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो वॅटचा. माझे म्हणणे असे की तो प्रश्न शेवटचा आहे. अशा स्पीकरच्या बाबतीत आधी तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत : ॲम्प्लिफायरची स्वतःची खरखर, त्याचा गेन (तो सिग्नल किती पट वाढवतो) आणि त्याचा आउटपुट इम्पीडन्स (स्पीकरच्या बाजूने दिसणारा त्याचा अंतर्गत रोध). या तिन्ही जुळल्या तर वॅट सहसा जुळलेलेच असतात. त्या चुकल्या तर कितीही वॅट असून उपयोग होत नाही.

डेसिबलच्या आकड्यात काय दडलेले असते

स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘८८ डेसिबल’ किंवा ‘९८ डेसिबल’ असा आकडा असतो. स्पीकरला एक वॅट दिला असता समोर एक मीटरवर ध्वनीची पातळी किती येते, ते हा आकडा सांगतो. दिलेला सगळा एक वॅट ध्वनीत उतरला आणि तो समोरच्या अर्ध्या अवकाशात सारखा पसरला, तर ही पातळी ११२ डेसिबल भरते. यावरून हिशेब सोपा होतो. ९२ डेसिबलचा स्पीकर १ टक्का वीज ध्वनीत बदलतो, ८५ डेसिबलचा जेमतेम ०.२ टक्के, ९८ डेसिबलचा सुमारे ४ टक्के आणि १०२ डेसिबलचा १० टक्के. उरलेली सगळी वीज व्हॉइस कॉइल तापवण्यात जाते. तबल्याची थाप दबते ती याच उष्णतेमुळे. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो आणि ऐन जोराच्या क्षणी आवाज थोडा मागे पडतो. कार्यक्षम स्पीकरला मुळात वीजच इतकी कमी लागते की कॉइल कोमटसुद्धा होत नाही. अशा स्पीकरमधून ढोलकी, हलगी, पखवाज मोकळे वाजतात त्याचे मुख्य कारण मला हेच वाटते.

हा आकडा वाचताना दोन ठिकाणी सावध राहावे. पुष्कळ कंपन्या एक वॅटऐवजी २.८३ व्होल्ट देऊन मोजमाप करतात. आठ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॅट, पण चार ओहमच्या स्पीकरला तेच दोन वॅट होतात आणि आकडा ३ डेसिबलने फुगतो. दुसरे म्हणजे, कर्णा आवाज एका दिशेला एकवटतो. त्यामुळे समोर मोजलेला त्याचा १०८ डेसिबलचा आकडा त्याच्या खऱ्या कार्यक्षमतेपेक्षा मोठा दिसतो.

कर्णा नेमके काय करतो? स्पीकरचा पडदा जड असतो आणि हवा फार हलकी. पडदा हलतो, पण हवा बाजूने निसटते आणि बहुतेक श्रम वाया जातात. शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाळी देताना आपण तोंडाशी दोन्ही हातांचा पन्हळ करतो, तोच हा उपाय. अरुंद तोंडातून हळूहळू रुंदावत जाणारी नळी पडद्यासमोर हवेचा भार वाढवते आणि पडद्याची शक्ती हवेत नीट उतरते. बोलपटाच्या पहिल्या काळात ॲम्प्लिफायर मोजक्या वॅटांचेच असत. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली पडद्यावर आला, त्या काळातली चित्रपटगृहे अशा हॉर्नच्या जोरावरच भरत होती.

मग घरातले स्पीकर इतके आळशी का झाले? एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ साली बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करणारा स्पीकर आणला. लहान पेटीतून खोल खर्ज मिळू लागला, पण त्याची किंमत कार्यक्षमतेत मोजावी लागली. पुढच्या दशकात ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले आणि ही किंमत कोणाला जाणवेनाशी झाली. यामागे एक कठोर नियम आहे. खर्जाची खोली, पेटीचा लहान आकार आणि कार्यक्षमता या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. कार्यक्षमता पेटीच्या आकारमानाच्या आणि खालच्या मर्यादेच्या वारंवारतेच्या घनाच्या प्रमाणात असते. ८० हर्ट्झपर्यंत उतरणारा स्पीकर ४० हर्ट्झपर्यंत न्यायचा असेल, तर पेटी आठपट मोठी करावी लागते किंवा ९ डेसिबल सोडून द्यावे लागतात.

म्हणून आधी स्वतःला विचारावे की आपल्याला किती खाली जायचे आहे. आपले ऐकणे बहुतांशी रागदारी, नाट्यगीत, अभंग, लावणी असे असेल, तर उत्तर दिलासा देणारे आहे. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास लागते. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ हर्ट्झवर असतो. ६० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारा ९६-९८ डेसिबलचा स्पीकर या संगीताला पुरतो. पाइप ऑर्गन किंवा सिनेमातले स्फोट ऐकायचे असतील तर गोष्ट वेगळी.

किती वॅट लागतात, याचा हिशेब

रहिमतपुरासारख्या गावातल्या जुन्या घराचे माजघर घेऊ. जाड भिंती, शहाबादी फरशी, वर कौले. ऐकणारा स्पीकरपासून तीन मीटरवर बसला आहे. अंतरामुळे पातळी साडेनऊ डेसिबलने उतरते. दोन स्पीकर आहेत म्हणून त्यातले तीन परत मिळतात आणि भिंतींच्या परावर्तनातून आणखी दीड-दोन. म्हणजे एका स्पीकरच्या एक मीटरवरच्या पातळीपेक्षा बैठकीच्या जागी सुमारे पाच डेसिबल कमी, असे धरता येईल.

सरासरी ७८ डेसिबल हे घरात चांगलेच मोठ्याने ऐकणे झाले. तबल्याच्या थापेसाठी त्यावर १८ डेसिबलची मोकळीक ठेवली, तर बैठकीच्या जागी ९६ आणि एक मीटरवर १०१ डेसिबल लागतील. ८६ डेसिबलच्या स्पीकरला त्यासाठी ३२ वॅट हवेत, ९२ च्या स्पीकरला ८, ९८ च्या स्पीकरला २, आणि १०४ च्या स्पीकरला अर्धा वॅट. वॅटचा प्रश्न इथे संपला. ९८ डेसिबलचा स्पीकर घरी आला की बाजारातला जवळजवळ प्रत्येक ॲम्प्लिफायर ताकदीला पुरेसा ठरतो. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ तीन-चार वॅटवर अख्ख्या वाड्याला बातम्या ऐकवत असे, त्यात चमत्कार काही नव्हता.

रात्रीच्या ऐकण्याचा हिशेब तर याहून बोलका आहे. शेजाऱ्यांची झोप सांभाळून बैठकीच्या जागी ६० डेसिबल ठेवले, तर ९८ डेसिबलच्या स्पीकरला सरासरी अर्धा मिलिवॅट लागतो. वॅटचा दोन हजारावा भाग. शंभर वॅटच्या ॲम्प्लिफायरची जाहिरात करताना जे विकृतीचे आकडे छापतात ते पूर्ण ताकदीजवळचे असतात. आपले ऐकणे चालते ते याच्या लाखपटीने खाली. तिथे ॲम्प्लिफायर कसा वागतो, हेच पाहायला हवे.

या टोकाला क्लास-एबी ॲम्प्लिफायरवर एक जुना आक्षेप घेतला जातो. त्यात लाटेचा वरचा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा दुसरा, त्यामुळे सांध्यावर विकृती येते. म्हणून कार्यक्षम स्पीकरला क्लास-ए ॲम्प्लिफायरच हवा, असे सांगतात. आक्षेपात तथ्य आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. ॲम्प्लिफायरच्या आउटपुट ट्रान्झिस्टरमधून स्थिर अवस्थेत ५० मिलिॲम्पिअर वाहत असतील (याला बायस म्हणतात), तर आठ ओहमच्या भाराला सुमारे ४० मिलिवॅटपर्यंत दोन्ही ट्रान्झिस्टर चालूच राहतात, म्हणजे ॲम्प्लिफायर तिथपर्यंत क्लास-एमध्येच असतो. ९८ डेसिबलच्या स्पीकरला ४० मिलिवॅटवर एक मीटरला ८४ डेसिबल मिळतात. म्हणजे संध्याकाळचे बहुतेक ऐकणे क्लास-एमध्येच होते. याच ॲम्प्लिफायरला ८६ डेसिबलचा स्पीकर जोडला तर हा सीमाबिंदू ७२ वर येतो. थोडक्यात, स्पीकर कार्यक्षम असला की साधा, पण बायस नीट लावलेला क्लास-एबी ॲम्प्लिफायरसुद्धा वरच्या वर्गात जाऊन बसतो. उन्हाळ्यात खोली तापवणारा, महाग क्लास-ए ॲम्प्लिफायर घेण्याची सक्ती मला तरी कुठे दिसत नाही. जुना क्लास-एबी ॲम्प्लिफायर घेतला असेल, तर जाणकाराकडून त्याचा बायस तपासून घेणे मात्र जरूर आहे. वर्षानुवर्षे वापरलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये तो बहुधा सरकलेला असतो.

खरखर

कार्यक्षम स्पीकर गाणे जितके मोठे करतो तितकीच ॲम्प्लिफायरची खरखरही मोठी करतो. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर काहीच वाजत नसताना अर्धा मिलिव्होल्ट गोंगाट आहे असे धरा. हे पुष्कळ ठिकाणी आढळणारे प्रमाण आहे. ८६ डेसिबलच्या स्पीकरमधून तो एक मीटरवर ११ डेसिबलने ऐकू येईल, म्हणजे येणारच नाही. ९८ च्या स्पीकरमधून २३, आणि १०४ च्या स्पीकरमधून २९ डेसिबल. मुंबईच्या रस्त्यालगतच्या घरात हे रहदारीत बुडून जाईल. रहिमतपुरात रात्री अकरानंतर खिडकी उघडी असली तरी रातकिड्यांपलीकडे फारसे काही नसते, आणि तिथे ही सुरसुर तानपुऱ्याच्या मागे सतत जाणवत राहते. आलापीच्या दोन स्वरांमधली शांतता हासुद्धा संगीताचाच भाग आहे, आणि नुकसान होते ते नेमके तिथे.

माहितीपत्रकातला गोंगाटाचा आकडा सरळ वाचला तर फसगत होते, कारण तो पूर्ण ताकदीच्या तुलनेत दिलेला असतो. शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर ‘१०० डेसिबल’ म्हणतो, तेव्हा एका वॅटला तो ८० च असतो. आठ वॅटचा ॲम्प्लिफायर ‘९० डेसिबल’ म्हणतो, तो एका वॅटला ८१ भरतो. दुकानात पहिला श्रेष्ठ वाटेल, घरात दुसरा किंचित शांत निघेल. आकडा एका वॅटवर आणूनच तुलना करावी. ९८ डेसिबल किंवा त्यापुढच्या स्पीकरसाठी आउटपुटवरचा गोंगाट ०.१ ते ०.२ मिलिव्होल्टच्या आत असलेला ॲम्प्लिफायर शोधावा.

खरखरीपेक्षा त्रासदायक असते ती घरघर. व्हॉल्व्हच्या फिलॅमेंटला एसी पुरवठा असेल तर ५० हर्ट्झची, आणि रेक्टिफायरनंतरचा फिल्टर कमी पडला तर १०० हर्ट्झची. कान १०० हर्ट्झला ५० पेक्षा अधिक तिखट आहे, आणि मोठ्या पेटीतून ती चांगलीच भरते. पण आपल्याकडच्या घरांत निम्म्याहून अधिक वेळा घरघरीचा उगम ॲम्प्लिफायरच्या बाहेर, घराच्या वायरिंगमध्ये सापडतो.

जुन्या घरात तीन पिनांचा सॉकेट असतो, पण त्यातल्या तिसऱ्या भोकाला मागे कित्येकदा तारच जोडलेली नसते. सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉपचा चार्जर, स्वस्त डीएसी (डिजिटल संकेताचा ॲनालॉग करणारे उपकरण) या सगळ्यांच्या पुरवठ्यात गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे उपकरणाचा सांगाडा मुख्य दाबाच्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. हात लावला की मुंग्या येतात ते यानेच. हा अगदी क्षीण प्रवाह मग आरसीए वायरच्या बाहेरच्या जाळीतून ॲम्प्लिफायरकडे वाट काढतो, आणि त्या जाळीवर पडणारा मिलिव्होल्टचा अंश संगीतात मिसळतो. ८६ डेसिबलच्या स्पीकरवर तो लपून राहतो, १०० च्या स्पीकरवर लपत नाही.

यावर एक घातक उपाय सर्रास केला जातो : ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकणे. असे कधीही करू नये. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या आत तीनशे-चारशे व्होल्टचा डीसी असतो. इन्सुलेशन निकामी झाले तर तो सांगाड्यावर येईल आणि हात लावणाऱ्याचा जीव जाईल. खरा उपाय म्हणजे घराला मीठ-कोळसा घातलेला खड्डा करून योग्य अर्थिंग घेणे, ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घेणे, आणि संगीताची सगळी उपकरणे एकाच बोर्डावरून चालवणे. एवढे केले की बहुतेक घरघर जाते. ॲम्प्लिफायर बदलण्यापूर्वी हा खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

गेन : वाढवलेलेच पुन्हा घटवायचे

सीडी प्लेअर किंवा डीएसी पूर्ण पातळीला दोन व्होल्ट देतो. चांगल्या शास्त्रीय ध्वनिमुद्रणाची सरासरी त्याच्या १८ डेसिबल खाली, म्हणजे पाव व्होल्टच्या आसपास असते. आता ९८ डेसिबलच्या स्पीकरवर बैठकीच्या जागी ७२ डेसिबल, म्हणजे आरामात ऐकण्याइतका आवाज हवा असेल, तर स्पीकरला किती व्होल्ट लागतील? हिशेब केला तर उत्तर पुन्हा पाव व्होल्टच येते. प्लेअरमधून जेवढे निघते तेवढेच स्पीकरला पुरते. गेनची गरज एकपट, म्हणजे शून्य डेसिबल. ॲम्प्लिफायरने फक्त प्रवाह पुरवायचा आहे.

आणि नेहमीचा ॲम्प्लिफायर काय करतो? तो पंचवीस पट वाढवतो. म्हणून व्हॉल्यूमचा नॉब आधी पंचवीस पट घटवतो. रात्रीच्या ६० डेसिबलसाठी शंभर पट घटवतो. नॉब शून्यापासून जरासा हलला की तेवढ्यावरच सगळे ऐकणे उरकावे लागते. साध्या दुहेरी पोटेन्शिओमीटरचे डावे आणि उजवे ट्रॅक याच तळाच्या भागात एकमेकांशी जुळत नाहीत. दोन-तीन डेसिबलचा फरक सहज पडतो. गायक मधोमध बसायला हवा तो एका बाजूला सरकतो. शिवाय नॉबच्या पुढे, आतल्या टप्प्यांत जो गोंगाट तयार होतो तो पूर्ण गेनने स्पीकरकडे जातो, नॉब कितीही खाली असला तरी.

यासाठी कमी गेनचा पॉवर ॲम्प्लिफायर घ्यावा. २० डेसिबल, म्हणजे दहापट, पुष्कळ झाले. स्वतः बांधणाऱ्यांना हे सोपे आहे. एलएम ३८८६ ही चिप दहापट गेनवर स्थिर चालते. टीपीए ३११६ या क्लास-डी चिपचा गेन २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबलवर बसवता येतो, पण बाजारातल्या तयार बोर्डांवर तो बहुधा वरचा असतो, म्हणून रोध बदलून २० वर आणावा. तयार ॲम्प्लिफायरचा गेन बदलता येत नसेल आणि प्रीॲम्प्लिफायर वेगळा असेल, तर दोघांच्या मध्ये प्रत्येक बाजूला दोन रोधांचा पॅड लावावा : मालिकेत ९.१ किलोओहम, जमिनीला १ किलोओहम. वीस डेसिबल घट मिळते, नॉब मधल्या भागात येतो आणि प्रीॲम्प्लिफायरची खरखरही वीस डेसिबलने उतरते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे चार रोध चहाच्या पैशांत मिळतात. माझ्या मते कार्यक्षम स्पीकर असलेल्या माणसाला इतक्या कमी खर्चात इतका मोठा लाभ दुसऱ्या कशातून होत नाही.

आउटपुट इम्पीडन्स

आता विषयातला सर्वांत रसाळ भाग. स्पीकर ‘आठ ओहमचा’ म्हणतात, पण त्याचा इम्पीडन्स वारंवारतेनुसार बदलत जातो. पोकळ नळीचे पोर्ट असलेल्या पेटीत खर्जाच्या भागात त्याला दोन उंचवटे असतात. समजा, वरचा उंचवटा ७० हर्ट्झवर ३० ओहमचा आहे आणि १४० हर्ट्झला इम्पीडन्स ६ ओहमवर आला आहे. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स ०.१ ओहम असेल, तर या दोन ठिकाणच्या पातळीत ०.१ डेसिबल इतकाच फरक पडतो. तो २.५ ओहम असेल, तर ७० हर्ट्झ १४० च्या तुलनेत २.३ डेसिबलने वर येतो.

काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झवर, आणि त्याचा दुसरा स्वरांश (हार्मोनिक) १३९ वर! म्हणजे याच जोडीवर परिणाम होतो. तानपुऱ्याचे तेज जवारीमुळे वरच्या स्वरांशांतून येते. मिरजेचे कारागीर घोडीवर दोरा सरकवत कानाने जे साधतात ते हेच, आणि मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते याच कसबाच्या परंपरेमुळे. खर्जाचा मूळ स्वरांश सव्वादोन डेसिबलने फुगला की तानपुरा भरदार वाटतो, पण तो मिरजेत बनला तसा राहत नाही. कोणाला हा भरदारपणा आवडतो. आवड म्हणून त्याला माझी हरकत नाही, पण तो ध्वनिमुद्रणात नव्हता, हे माहीत असावे.

अडीच ओहमचा हा आकडा कुठून आला? ३०० बी या ट्रायोड व्हॉल्व्हचा अंतर्गत रोध सुमारे ७०० ओहम असतो. साडेतीन हजारास आठ या प्रमाणाच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून तो १.६ ओहम दिसतो, आणि गुंडाळ्यांचा रोध धरून दोन-अडीचपर्यंत जातो. आठ वॅट देणारा हा एकेरी ट्रायोड कार्यक्षम स्पीकरचा पिढीजात जोडीदार मानला जातो. ईएल ८४ सारखा पेंटोड फीडबॅकशिवाय वापरला तर आउटपुट इम्पीडन्स याच्या कितीतरी पट वाढतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले ईएल ८४ जुन्या साठ्यातून अजूनही मिळतात आणि चांगले असतात, पण ते फीडबॅक असलेल्या मांडणीतच वापरावेत.

तरीही जास्त आउटपुट इम्पीडन्स हा नेहमी दोषच असतो असे म्हणता येत नाही. खर्जाच्या स्पीकरची एक राशी असते, तिला क्यूईएस म्हणतात. चुंबक जितका जोरदार तितकी ती कमी. कार्यक्षम स्पीकरचे चुंबक जोरदार असल्याने ती ०.३ च्या घरात असते, आणि साध्या पेटीत असा स्पीकर खर्जाला कोरडा वाटतो. कॉइलचा रोध ६ ओहम असेल आणि ॲम्प्लिफायरचा २.५, तर ०.३० ची ही राशी ०.४२ सारखी वागू लागते. खर्ज भरतो, जोडी जमते. पण हीच राशी ०.७० असलेला स्पीकर त्याच ॲम्प्लिफायरवर लावला तर ती ०.९९ होते आणि डग्ग्याचा घुमारा संपता संपत नाही. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड एका सुरातून दुसऱ्यात जाताना ऐकू यायला हवी, ती इथे एकाच घुमाऱ्यात विरते. एकाला लाभलेला ॲम्प्लिफायर दुसऱ्याला मारक ठरतो तो असा. ‘व्हॉल्व्ह गोड, ट्रान्झिस्टर रुक्ष’ या सरसकट मतात म्हणूनच अर्थ नाही. जोडीत कोण आहे ते पाहावे लागते.

ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स घरी मोजता येतो. २०० हर्ट्झचा सूर हळू पातळीवर वाजवावा. आधी भाराशिवाय आणि मग आठ ओहमचा रोध लावून मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजावेत. पहिला आकडा १.०० आणि दुसरा ०.७६ आला, तर पहिल्याला दुसऱ्याने भागून एक वजा करावे आणि आठने गुणावे, उत्तर अडीच. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला मात्र भाराशिवाय कधीही चालवू नये. पहिल्या मोजमापाला तिथे शंभर ओहमचा रोध लावावा. उत्तरात थोडी घट येईल, ती चालते.

चित्रपटगृहातून आणि मंडपातून आलेले स्पीकर

चित्रपटगृहातले जुने स्पीकर पुष्कळदा १६ ओहमचे असतात. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरची ताकद त्यावर निम्मी होते, पण वर पाहिल्याप्रमाणे त्याने काही बिघडत नाही. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरला १६ ओहमचा टॅप असेल तर तो वापरावा. मंडपातला कर्णा घरी आणू पाहणाऱ्यांनी त्याच्या युनिटला शंभर व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर आहे का ते आधी पाहावे. असेल तर घरगुती ॲम्प्लिफायरशी तो जुळणार नाही. शिवाय हा कर्णा बोलण्यासाठी बनवलेला असतो. त्यातून गाणे ऐकणे सुखाचे नाही.

‘डॉल्बी’तले पंधरा इंची स्पीकर आणि कॉम्प्रेशन ड्रायव्हर यांची जोडी घरासाठी घेतली तर एक नवीच अडचण उभी राहते. ड्रायव्हर हॉर्नसकट १०७-१०८ डेसिबलचा, खर्जाचा स्पीकर ९७ चा. दहा डेसिबल रोधात जाळून दोघे सारखे करावे लागतात. मला यावर वेगळा मार्ग पसंत आहे : दोघांना वेगळे ॲम्प्लिफायर द्यावेत आणि मध्ये सक्रिय क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे आणि वरचे सूर ॲम्प्लिफायरच्या आधीच वेगळे करणारा भाग, ठेवावा. वरच्या ड्रायव्हरला तीन वॅटचा शांत, कमी गेनचा ॲम्प्लिफायर, खालच्या स्पीकरला साधा पन्नास वॅटचा ट्रान्झिस्टर. व्हॉल्व्हची आवड असेल तर तो वर वापरावा. तिथे खर्जाचे उंचवटे नसल्याने आउटपुट इम्पीडन्सची बाधा कमी होते. ड्रायव्हरच्या मालिकेत एक कपॅसिटर मात्र घालावाच. ॲम्प्लिफायर चालू करतानाच्या एका ठोक्यात त्याचा नाजूक पडदा फाटू शकतो.

पुरवठ्याचा दाब

ऊसपट्ट्यात संध्याकाळी पंपांचा भार आला की दाब २०० वर उतरतो आणि मध्यरात्री २५० कडे चढतो, असा अनुभव पुष्कळ गावांत आहे. व्हॉल्व्हच्या फिलॅमेंटला ६.३ व्होल्ट लागतात, फार तर दहा टक्के इकडेतिकडे. २३० च्या हिशेबाने केलेला ट्रान्सफॉर्मर २५० वर ६.८५ व्होल्ट देतो आणि २०० वर ५.४८. पहिला कसाबसा मर्यादेत बसतो, दुसरा बसत नाही, आणि दोन्ही रोज घडले तर व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. आपल्या घरचा दाब आठवडाभर मल्टिमीटरने नोंदवून मगच व्हॉल्व्ह घ्यायचा की नाही ते ठरवावे. दाब फार हलत असेल तर ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरच बरा, आणि त्यात कमीपणा काही नाही.

रहिमतपूर, कोरेगाव, वडूज अशा ठिकाणच्या घरात रागदारी ऐकणाऱ्याने माझा सल्ला विचारला तर मी सांगेन : ९५ ते ९८ डेसिबलचा, ६० हर्ट्झपर्यंत उतरणारा, ऐंशी-शंभर लिटरच्या पेटीतला स्पीकर घ्या. त्याला दहा ते तीस वॅटचा, वीस डेसिबल गेनचा, ०.२ मिलिव्होल्टच्या आत गोंगाट असलेला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर जोडा. एकेरी ट्रायोड घ्यायचाच असेल तर आधी स्पीकरचे क्यूईएस विचारा, आणि ते ०.३५ च्या वर असेल तर तो बेत सोडा. ॲम्प्लिफायर विकत घेण्यापूर्वी तो दोन रात्रींसाठी घरी मागा. स्वतःच्याच स्पीकरला जोडून, काहीही न वाजवता, नॉब नेहमीच्या जागी ठेवून बैठकीच्या जागेवरून ऐका. तिथे सुरसुर किंवा घरघर ऐकू आली आणि अर्थिंग तपासूनही ती गेली नाही, तर वॅट कितीही असोत, तो ॲम्प्लिफायर परत करा.